नाव सगळ्यात शेवटी: जुन्या फोटोतल्या अनोळखी बाईची ओळख लावताना

चवथीला घर झाडताना माळ्यावरचा पेटारा खाली येतो. त्यातून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो निघतो आणि पाच मिनिटांत त्याला नावही मिळतं. "ही पणजी. पांढरं नेसलीय ना, म्हणजे पणजोबा गेल्यानंतरचा." संध्याकाळपर्यंत ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातं आणि आठवड्याभरात वंशावळीत चढतं. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, म्हापशाकडच्या घरांतले असे फोटो बरीच वर्षं बघते आहे. नजरेची चूक क्वचितच होते, चुकतो तो क्रम. नाव आधी ठरतं आणि मग त्याचे पुरावे फोटोत सापडायला लागतात. खाली क्रम उलटा लावला आहे. पायऱ्या वगळू नका, मागेपुढेही करू नका.

तयारी

पेटारा चवथीला उघडलात तरी काम दिवाळीनंतरच करा. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत फोटोवरचा सरसाचा थर ओल धरतो, मऊ होतो आणि बोट लागलं की ठसा कायमचा राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी सकाळ उत्तम.

जवळ एवढं असू द्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, मऊ शिसपेन्सिल, पांढरा कोरा कागद, एक वही आणि स्कॅनर किंवा मोबाईल. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडांनीच धरा. ओलं फडकं, स्पिरिट, चिकटपट्टी यांतलं काहीही त्या टेबलावर नको.

इशारा: फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेतूनच, फ्लॅश बंद ठेवून, जरा तिरक्या उजेडात टिपा.

१. दोन्ही बाजू टिपून ठेवा

६०० डीपीआयवर स्कॅन करा, छोटा फोटो असेल तर १२०० वर. पुढची बाजू, पाठ आणि पुठ्ठ्याच्या चारही कडा आल्या पाहिजेत. पाठ स्कॅन न करणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. लोक चेहऱ्याभोवती कातरून फोटो पाठवतात आणि विचारतात, "कोण असेल?" कातरलेल्या भागातच निम्मं उत्तर असतं.

फोटो 'स्वच्छ' करणारी किंवा रंग भरणारी अ‍ॅपं या टप्प्यावर वापरू नका, खरं तर कुठल्याच टप्प्यावर नको. अस्पष्ट जागी काय असावं ते ती स्वतःच ठरवून रंगवतात. एका घरी अशा सुधारलेल्या प्रतीत गळ्यात ठसठशीत काळे मणी दिसत होते, आणि त्यावरून बाई सवाष्ण ठरली होती. मूळ फोटोवर तिथे थराला गेलेला तडा होता.

२. पाठ आणि पुठ्ठा आधी, चेहरा नंतर

पट्टी लावा. पुठ्ठा साधारण ६.४ × १० सेंमी भरला तर तो व्हिजिटिंग कार्डाचा आकार. पॅरिसमध्ये १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. साधारण १०.८ × १६.५ सेंमी असेल तर कॅबिनेट कार्ड, जे १८६६ पासून निघालं. मग भिंग लावा. कागदाचे तंतू दिसतात आणि रंग पिवळसर तपकिरी आहे? मग अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद, बहुतेक वेळा १८९५ च्या आधीचा. तंतू दिसत नाहीत आणि काळ्या भागांच्या कडेला रुपेरी झाक आहे? मग जिलेटिनचा, म्हणजे बहुधा त्यानंतरचा. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नव्हे, छापील चित्र आहे. त्याच्या शेकडो प्रती विकल्या गेल्या असतील, आणि तो पेटाऱ्यात आहे म्हणून बाई घरची होत नाही.

आता छापील अक्षरं. पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ मध्ये बदललं. 'फोटोग्राफिया' हा शब्द त्याआधी 'पीएच'ने लिहीत, नंतर 'एफ'ने. पुठ्ठ्यावर पोर्तुगालचा राजमुकुट किंवा राजघराण्याचा फोटोग्राफर असल्याची जाहिरात असेल तर पुठ्ठा ऑक्टोबर १९१० च्या आधी छापलेला, कारण त्यानंतर तिथे प्रजासत्ताक आलं. मात्र छापून ठेवलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जात, तेव्हा पाचदहा वर्षांची सूट ठेवा. 'नोव्हा गोवा' म्हणजे पणजी शहर, १८४३ पासूनचं सरकारी नाव.

पणजीच्या 'सौझा अँड पॉल'सारख्या स्टुडिओचं नाव सापडलं म्हणजे बाई पणजीची, असं नाही. फोटो काढायला लोक गावाहून जात. मुंबई, कराची, आफ्रिकेतल्या लॉरेन्सो मार्किशचे (आजचं मापुटो) शिक्के तर गोव्यातल्या घराघरांत सापडतात, कारण नवरे आणि भाऊ तिथे नोकरीला होते.

हस्ताक्षरापाशी जरा जास्त वेळ थांबा. 'लेंब्रांसा' म्हणजे आठवण, 'ऑफेरेसु' म्हणजे भेट देतो किंवा देते. त्या ओळीतलं नाव बहुतेकदा फोटो ज्याला दिला त्याचं असतं आणि सही देणाऱ्याची. भावाने बहिणीचा फोटो काकीला पाठवला असेल तर पाठीवर काकी आणि भाऊ दोघंही असतील, बहीण कुठेच नसेल. मी स्वतः एकदा असं नाव फोटोतल्या बाईला लावून मोकळी झाले होते. दोन वर्षांनी त्याच काकीच्या नावाने आणखी तीन फोटो निघाले, तिन्हींत वेगळ्या बायका.

तपासणी: पाठीवरचं नाव बॉलपेनने लिहिलंय का? बॉलपेन बाजारात आलं १९४५ मध्ये. १८९० च्या फोटोवर बॉलपेनचं नाव म्हणजे निदान अर्ध्या शतकानंतर कुणीतरी आठवून लिहिलेलं. ते खोटंच असेल असं नाही, पण त्याला साक्ष समजा, दाखला समजू नका.

३. दिसतं तेवढंच लिहा

वहीत दहा मिनिटं फक्त वर्णन लिहा. या पायरीला काही शब्द बंद: आजी, विधवा, श्रीमंत, ख्रिस्ती, कलावंतीण, दुःखी. 'कुंकू' असंसुद्धा लिहू नका. लिहा, "कपाळाच्या मध्यावर गडद ठिपका, साधारण १ मिमी." 'पांढरी साडी' नको, 'फिकट दिसणारं वस्त्र, गडद काठ' लिहा.

'दुःखी' का बंद? तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे. त्या जुन्या काचेला काही सेकंद उजेड द्यावा लागे, तेवढा वेळ हसू टिकत नाही. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावत. पावलांमागे त्याचा पाया दिसतो का बघा. दिसला तर तो ताठपणा टेकूचा आहे, स्वभावाचा नाही.

४. काचेने कोणते रंग गिळले ते काढा

बांदोड्याच्या एका घरातलं कॅबिनेट कार्ड माझ्यासमोर होतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली तरुण बाई, फिकं वस्त्र, डोक्यात फूल नाही. घरच्यांनी एकमुखाने सांगितलं होतं, "विधवा पणजी." आता त्यातलं एकेक बघू.

एकोणिसाव्या शतकातल्या काचेवरच्या रसायनाला मुख्यतः निळा उजेडच कळे. निळं वस्त्र तिच्यावर जवळजवळ पांढरं उतरतं. लाल, केशरी आणि पिवळा गडद किंवा काळा होतो. सगळे रंग नीट ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण लाल दिव्याखाली बघत धुता येतात म्हणून जुन्या पद्धतीच्या काचा स्टुडिओंत पुढेही बरीच वर्षं चालल्या. आपल्या फोटोंसाठी याचा अर्थ असा:

फिकी साडी निळी किंवा जांभळटही असू शकते. वैधव्य सिद्ध करायला ती पुरत नाही. उलट डोक्यावरून घेतलेलं काळं दिसणारं वस्त्र हे लाल अलवण, म्हणजे विधवेचं वस्त्र, असू शकतं, म्हणजे लोक जिला सवाष्ण समजून पुढे जातात ती केशवपन केलेली बाईही असेल. ख्रिस्ती घरात काळा पोशाख सुतकाचा खरा, पण फोटोतला काळा झगा मुळात किरमिजीही असू शकतो.

कुंकू काळं दिसतं. बारीक असेल तर सावळ्या कपाळावर पुसटतं, कारण सावळा रंगही ही काच आहे त्याहून गडद करते. म्हणून फोटोतल्या कातडीच्या रंगावरून जात सांगणारे जे असतात, त्यांच्याशी वाद न घालता भिंग हातात द्यावं.

आणि अबोली! आपल्याकडची फाती, म्हणजे केसांत माळायचा गजरा, बहुतेक वेळा अबोलीची. केशरी अबोली या काचेवर काळी पडते आणि काळ्या केसांत गडप होते. जाई-मोगरा मात्र लखलखीत दिसतो. 'डोक्यात फूल नाही' असं लिहिण्याआधी अंबाड्याची कड भिंगाखाली धरा. केस गुळगुळीत रेघांचे असतात, अबोलीची फाती खडबडीत दिसते. बांदोड्याच्या फोटोत अंबाड्याच्या वर बोटभर रुंदीचा असा खडबडीत पट्टा होता आणि कपाळावर तो मिलिमीटरभर ठिपका.

घरी करून बघा: अबोलीची फाती, कुंकवाची चिमूट आणि निळं कापड एका ताटात ठेवून मोबाईलने फोटो घ्या. तो कृष्णधवल करा, मग रंगांच्या पट्ट्यांतून लाल, केशरी, पिवळा पूर्ण खाली आणि निळा वर न्या. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की 'पांढरी साडी' हे शब्द हातून सहज लिहिले जात नाहीत.

इशारा: भिंतीवरच्या फोटोला पूजेत कुंकू लावतात, काच फुटली की ते थरापर्यंत जातं. भिंगाखाली कण वर बसलेला दिसला तर ते कुंकू फोटोतल्या बाईने लावलेलं नव्हे, घरच्यांनी वाहिलेलं आहे. रंगवलेल्या फोटोंचंही तेच. साडीचा हिरवा रंग रंगाऱ्याच्या वाटीतला, पेटाऱ्यातला नाही.

५. कपडे-दागिने: काय सांगतात, काय नाही

बांगड्यांवरून धर्म ठरवू नका. चुडा गोव्यातल्या ख्रिस्ती नवरीच्याही हातात असतो. पान-बाजू हा पोशाख वरच्या थरातल्या ख्रिस्ती बायकांचा, चर्चला जाताना अंगभर घ्यायची 'ओल' नावाची पांढरी चादर तीही ख्रिस्ती. खांद्यावर गाठ मारलेलं चौकडीचं कापड कुणबी बायकांचं. पण ही गाठ स्टुडिओत हौसेने मारून घेतलेल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मुलीही सापडतात. तेव्हा पावलांकडे, हातांकडे, बाकीच्या दागिन्यांकडे बघा. सगळं एका सुरात बोलतंय का?

दागिने उसने असतात. फोटोला जाताना जावेची मोहनमाळ घालणं ही काही चोरी नव्हे. खुर्ची, पुस्तक, खांब, मागचा रंगवलेला बगीचा हे सगळं स्टुडिओचं. हातात पुस्तक आहे म्हणून बाई शिकलेली ठरत नाही.

फॅशनवरून साल काढताना एकच टोक धरा. खांद्याशी फुग्यासारखी फुगलेली बाही युरोपात १८९५ च्या आसपास जोरात होती. तशी बाही असेल तर फोटो त्याच्या फार आधीचा नाही, एवढंच म्हणा. नंतरचा कितीही असू शकतो. म्हाताऱ्या बायका तरुणपणीची तऱ्हा सोडत नाहीत, आणि लग्नातला झगा वीस वर्षांनीही बाहेर निघतो.

तपासणी: नथ आणि पदर एकदम 'चुकीच्या' बाजूला दिसतात का? काच उलटी धरून छापली असेल. पुस्तकावरची अक्षरं किंवा कोटाची बटणं बघून खात्री करा, मगच नेसण्याच्या पद्धतीवर बोला.

६. 'बाई' हा शब्दही तपासा

इथे बहुतेकांना हसू येतं. पण मराठी घरात नऊवारी नेसलेला, नथ घातलेला, अत्यंत देखणा फोटो निघाला आणि घरच्या कुणाशीच चेहरा जुळेना, तर एक शक्यता उघड असते. संगीत नाटकांत स्त्रीभूमिका पुरुष करत. बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) स्त्रीवेशातल्या फोटोंना चाहते होते. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर (जन्म १९००) यांनीही स्त्रीभूमिका गाजवल्या. आपल्या देवळांच्या उत्सवी नाटकांत आणि पेडण्याकडच्या दशावतारात गावचेच पुरुष साड्या नेसून उभे राहत. तियात्र हे कोकणी नाटक १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालं तेही पुरुषांनीच बायका होऊन. म्हणजे फोटोतली 'पणजी' हे पणजोबांचे थोरले भाऊ असू शकतात.

ठरवायचं कसं? कंठमणी, मनगटं, जबडा यांवरून नाही. राबलेल्या बाईची मनगटं रुंद असतात आणि सोळा वर्षांच्या नटाची नाजूक. त्याऐवजी हे शोधा: कपाळाशी टोपाची कड, रंगमंचाचा पडदा किंवा फळ्या, अभिनयाचा हात (गालाला बोट, पदराचं टोक दातांत), पाठीवर नाटक मंडळीचा शिक्का, एकाच व्यक्तीचे वेगवेगळ्या वेशांतले फोटो. यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच 'नाटकातला वेश, बहुधा पुरुष नट' असं लिहा. एक जुळली तर 'स्त्रीवेशातली व्यक्ती' एवढ्यावर थांबा. रंगमंचाबाहेर ती व्यक्ती स्वतःला काय मानत होती हे फोटो सांगत नाही. आपण त्यावर निकाल देऊ नये, कोणत्याही बाजूने.

मुलांच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. जावळ न काढलेला, वेणी घातलेला, दृष्ट लागू नये म्हणून नाक टोचलेला मुलगा आपल्याकडे नवीन नाही. ख्रिस्ती घरांत चारपाच वर्षांपर्यंत मुलगे झालरीच्या झग्यात असत. लहान मूल असेल तर 'मूल' लिहा.

आता तानपुरा. हातात वाद्य, अंगभर दागिने आणि नजर थेट कॅमेऱ्यात, की लगेच 'कलावंतीण' किंवा 'नायकीण' असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. जुन्या विकाऊ पोस्टकार्डांवरची 'नाचगर्ल', 'देशी स्त्री' अशी शीर्षकंही खरी धरली जातात. ती प्रकाशकाने कार्ड खपावं म्हणून दिलेली, त्या बाईला कुणी विचारलेलं नाही. पेटी आणि तानपुरा स्टुडिओत सामान म्हणूनही असत. दुसरीकडे, खरोखरच गाणारी आजी असलेल्या घरांनी तिचे फोटो तळाशी दडपलेलेही मी पाहिलेत. दोन्हींवर उपाय एकच: 'तानपुरा घेऊन बसलेली' असं लिहा. समाजाचं नाव कागद किंवा घरच्यांची स्वतःची साक्ष असेल तरच.

७. वडीलधाऱ्यांना विचारताना

"ही आजीच ना?" असं विचारलंत की "हो गो" असंच उत्तर येतं. तो फोटो इतर पाच फोटोंत मिसळून द्या आणि गप्प बसा. दोन जणांना वेगवेगळं विचारा, एकत्र नाही. उत्तर जसं दिलं तसं, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह उतरवा.

बांदोड्याला घरच्या मंडळींनी नाव दिलं होतंच. शेजारच्या नव्वदीच्या मावशींनी फोटो डोळ्यांशी धरला आणि म्हणाल्या, "ती आमची न्हय गो बाय. ती म्हार्दोळची, हांगा चार दीस आयिल्ली." कशावरून? चेहऱ्यावरून नव्हे. "ती खुर्ची म्हार्दोळच्या घरांत आसली." खुर्ची स्टुडिओचीही असू शकते, म्हणून मी वहीत दोन्ही लिहिलं.

८. कागदपत्रांकडे

आता, इतकं झाल्यावर, नाव शोधायला जा. हिंदू बाईला दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. वंशावळीत एकच बाई दोन वेगळ्या बायका होऊन बसते ती इथेच. देवळाच्या जुन्या महाजन याद्यांत (देवस्थानाच्या सभासदांच्या) ती सापडणार नाही, तिथे पुरुषच. खरा खजिना वारसांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटणीच्या कागदांत. आपल्याकडच्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यात मुलीही वारस, त्यामुळे तिथे त्यांची नावं, वय आणि कुणाशी लग्न झालं हे येतं. ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-मरणाच्या वह्या. जुन्या कागदांसाठी पणजीचं पुराभिलेख खातं.

शोधताना पोर्तुगीज कानाने शोधा: 'श' बहुतेक वेळा 'एक्स'ने लिहिलेला, 'क' 'सी'ने, 'शेणै'चं 'सिनाय'. मराठी उच्चाराप्रमाणे इंग्रजी स्पेलिंग शोधून "नोंदच नाही" म्हणत परतलेले बरेच भेटतात.

इशारा: नोंद सापडली म्हणजे त्या नावाची बाई होती हे कळलं. फोटोतली बाई तीच, हे जोडणारा धागा वेगळा हवा.

९. ओळ लिहा

फोटोवर लिहू नका. पुठ्ठ्याच्या पाठीला, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलने फक्त क्रमांक, बाकी सगळं वहीत. दिसलेलं, अनुमान आणि ऐकीव हे तीन वेगळ्या ओळींत. बांदोड्याच्या फोटोची नोंद आज अशी आहे:

"क्र. १४. कॅबिनेट कार्ड, अल्ब्युमिन, 'पीएच'चं स्पेलिंग. तरुण स्त्री, फिकट दिसणारं वस्त्र, गडद काठ, कपाळावर गडद ठिपका, अंबाड्यावर खडबडीत पट्टा. अनुमान: १८८०-१९००, ठिपका कुंकू, पट्टा अबोली असावी, वस्त्राचा रंग अज्ञात. विधवा असल्याचा पुरावा नाही. ऐकीव: घरच्यांच्या मते पणजी (पाठीवर बॉलपेन), शेजारच्या मावशींच्या मते म्हार्दोळची पाहुणी (खुर्चीवरून). नाव: —"

घरच्यांना ती रेघ आवडलेली नाही. म्हार्दोळच्या घराची इन्व्हेंटरी अजून बघायची आहे. तोवर फोटो भिंतीवरून उतरवून ओल न येणाऱ्या कपाटात, आम्लमुक्त कागदात ठेवला आहे आणि भिंतीवर त्याची स्कॅन केलेली प्रत लावली आहे.